यादीतलं पहिलं नाव

गोपालपुरा बायपासवर कुकरच्या शिट्टीकडे कुणी लक्ष देत नाही. त्रिवेणीनगरपासून गुर्जर की थडीकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्लासांच्या पाट्या आहेत, आरएएस, रीट, पटवारी, एसएससी, आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत जवळजवळ प्रत्येक घराचा वरचा मजला भाड्यानं गेलेला. संध्याकाळी क्लास सुटले की सगळीकडून शिट्ट्या सुरू होतात. खिचडी, डाळ, उकडायला टाकलेले बटाटे. अभ्यासातून उठून एकदाच काय ते शिजवायचं आणि पुन्हा पुस्तकाला बसायचं, असा इथला रिवाज. शिट्टीवरून आत काय शिजतंय ते कळत नाही. वासावरून कळतं, आणि मग गल्लीला मत असतं.

माझ्याही घराचा वरचा मजला भाड्यानं दिलेला आहे. आमच्या ह्यांची नोकरी एजी ऑफिसातली, म्हणून आम्ही जयपूरला आलो आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. मी एका शाळेत संस्कृत शिकवत असे. हे गेले, मुलगा पुण्याला स्थिरावला, आणि वरच्या चार खोल्यांत परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली येऊन राहू लागल्या. माझं माहेर पेणचं, आम्ही सीकेपी. म्हणजे मुलांची मुंजही होते आणि ताटात मासाही असतो, आणि यात काही विसंगती आहे असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही. जयपुरात ते समजावताना मात्र माझी दमछाक होते. ‘जनेऊ है?’ हो, पुरुषांना आहे. ‘और मछली भी?’ यानंतर संभाषण सहसा चहावर येतं. इथल्या माथुर कायस्थांना तेवढं लगेच कळतं. त्यांच्या बायका मला मटणाच्या मसाल्याचं प्रमाण विचारतात आणि आपलं सांगत नाहीत.

वर राहणाऱ्या मुलींपैकी एक डुंगरपूरकडची, भिल्ल समाजातली, पटवारीच्या परीक्षेची तयारी करणारी. एका शनिवारी ती खाली आली आणि दारातूनच म्हणाली, ‘आंटी, कल चिकन-चावल बना लूँ? एक ही कुकर में हो जाएगा, ज़्यादा फैलावा नहीं होगा.’

तिनं विचारलं याचं मला नवल वाटलं. माझ्या फाटकावर ‘केवल शाकाहारी’ अशी पाटी नाही. गल्लीत बहुतेक ठिकाणी ‘किराये के लिए खाली’च्या खाली ती ओळ असते. २०१४ च्या सरकारी पाहणीप्रमाणे मांस न खाणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त राजस्थानात आहे, सुमारे तीन-चतुर्थांश. तेव्हा पाटी लावणाऱ्याला भाडेकरूंची वाण पडत नाही. मी ती लावली नाही यात उदारपणाचा भाग थोडा. खाली सोडे भाजत असताना वर अशी पाटी लावणं मला जमलं नसतं, एवढंच. सोड्यांचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोंबडी त्यापुढे काहीच नाही.

पण मुलगी विचारत होती ते माझ्यासाठी नव्हतं. वरचं स्वयंपाकघर चौघींचं सामाईक आहे. सीकरच्या दोघी बहिणी खात नाहीत, पण त्यांना कुणी खाल्लं तर काही वाटत नाही. चौथी लाडनूंची. लाडनूं म्हणजे तेरापंथी जैनांचं गाव, आचार्य तुलसींचं जन्मस्थान, जैन विश्व भारती तिथेच आहे. ही मुलगी सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा-बटाटा खात नाही, पावसाळ्यात हिरव्या पालेभाज्याही सोडते. डुंगरपूरची आणि ती एकाच क्लासला जातात आणि एकमेकींच्या वह्या उतरवतात.

मी तिला सांगितलं, उद्या सकाळी सांगते.

उत्तर द्यायला रात्र कशाला लागली, तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायामुळे. हा ग्रंथ माझ्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला जाळला गेला. तो का जाळावा लागला हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि त्यात मला आजही काही चुकीचं वाटत नाही. पण पाचव्या अध्यायात एक जागा आहे, ती मला सोडत नाही. एका प्राण्याच्या हत्येत घातक कोण कोण, याची तिथे यादी दिली आहे. मारणारा, कापून तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा. हे सगळे सारखेच मारेकरी. सात जण होतात. आणि या सगळ्यांच्या आधी, यादीत अगदी पहिला, अनुमती देणारा. सुरी हातात घेणाऱ्याच्याही आधी.

घरमालकीण म्हणून माझी जागा तिथे आहे.

खाणारी म्हणून माझं नाव यादीच्या शेवटाला आहे हे मला कायमच माहीत होतं. विकत घेणारी, शिजवणारी, वाढणारी म्हणूनही आहे. त्याचं मला ओझं वाटत नाही असं नाही, पण सवयीचं ओझं आहे. पहिल्या जागेचा विचार मी कधी केला नव्हता. दुसऱ्यानं मारायचं, दुसऱ्यानं शिजवायचं, दुसऱ्यानं खायचं, आणि मी फक्त ‘हो’ म्हणायचं, तर त्या ‘हो’चं वजन किती? आणि ‘नाही’ म्हटलं तर? त्या ‘नाही’चं पुण्य कुणाच्या खाती?

पाचवा अध्याय या बाबतीत काही एका सुरात बोलत नाही. यज्ञात चालेल म्हणतो, एरवी चालणार नाही म्हणतो, मांस खाणाऱ्याला परलोकाची भीती घालतो, आणि शेवटी सांगतो की खाण्यात दोष नाही, माणसाची प्रवृत्तीच तशी आहे, पण सोडून दिलं तर फळ मोठं. विद्यार्थी विचारायचे, बाई, मग नक्की काय? मी सांगायचे, हे एकानं एका बैठकीत लिहिलेलं दिसत नाही. पण त्या शेवटच्या भूमिकेत एक शहाणपण आहे. सोडणं हे मोठं, आणि सोडायचं कुणी, तर ज्याला खाता येत होतं त्यानं.

महाडला ज्यांनी तो ग्रंथ जाळायला लावला, त्यांनी पुढे तीस वर्षांनी हीच गाठ दुसऱ्या बाजूनं सोडवली. बाबासाहेबांचा बुद्धधम्मावरचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेविषयी त्यांनी असं मांडलं आहे की बुद्धानं अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितलं, नियम म्हणून नाही. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला वागण्याची मोकळीक देतं आणि जबाबदारीही त्याच्यावरच टाकतं. मारण्याची गरज वेगळी, मारण्याची इच्छा वेगळी, असाही फरक ते करतात. कोंबडीभाताला ‘गरज’ म्हणता येईल का, हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच. रविवारच्या जेवणाला गरज म्हणायला जीभ चांगलीच लवचीक लागते.

आमच्या कोकणात आणि वर घाटावरही या प्रश्नाला एक जुनं, न लिहिलेलं उत्तर आहे, ते म्हणजे माळकरी. घरातला एखादा काका पंढरीला जातो, गळ्यात तुळशीची माळ घालून येतो, आणि त्या दिवसापासून मटण-मासे बंद. बंद म्हणजे त्याच्यापुरते. परसात दुसरी चूल मांडली जाते, मटणाचं पातेलं वेगळं ठेवलं जातं, काका ओसरीवर आपली भाकरी-आमटी खातो, आणि घरातली पोरं मागच्या दारी हाडकं चोखत बसतात. काकाला वास येतो. तो काही बोलत नाही. कधी जास्तच झालं तर उठून देवळात जाऊन बसतो. माझ्या माहेरी शेजारच्याच घरात असे एक आजोबा होते, आणि त्यांनी सुनेला मासळी आणायला पैसे काढून दिलेले मी पाहिले आहेत. यादीच्या हिशेबानं ते पहिल्याच जागेवर बसले. त्यांना ते कुणी सांगितलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे. बहुधा तंबाखू मळत हसले असते.

माळ गळ्यात असते आणि पाटी फाटकावर, हा फरक मला इथे आल्यावर दिसला. माळ घालणाऱ्यानं स्वतःचं काहीतरी सोडलेलं असतं. पाटी लावणाऱ्यानं काय सोडलं? तो आधीच खात नव्हता. सोडायला लावलं ते दुसऱ्याला, आणि तेही धर्म समजावून नाही, खोलीची गरज ओळखून. क्लासच्या शेजारी खोली हवी, म्हणून एखादी डुंगरपूरची मुलगी वर्षभर मांस खात नाही. त्या वर्षभराच्या अहिंसेचं फळ तिला मिळणार नाही, कारण तिनं व्रत घेतलं नव्हतं. मालकालाही मिळणार नाही, कारण व्रत त्यानं पाळलं नाही, पाळायला लावलं. मधल्या मधे ते कुठे जातं? असल्या हिशेबाला शास्त्रकारांनी जागा ठेवली असेलही. माझ्या वाचनात नाही.

बरं, जयपूरचा धर्म म्हणजे शाकाहार, असं म्हणावं तर तेही खरं नाही. आमेरच्या किल्ल्यात शिलामाता बसली आहे. राजा मानसिंगानं बंगालच्या स्वारीवरून आणलेली देवी. तिच्यापुढे एकेकाळी बोकडाचा बळी पडत असे; आता बंद आहे. आणि शहरात गोविंददेवजी, त्याच्या नैवेद्याला लाडू. एकाच राजघराण्याचे हे दोन्ही देव. राजपुतांच्या घरचं लाल मांस आता हॉटेलांच्या कार्डावर जयपूरची शान म्हणून छापलेलं असतं, आणि त्याच हॉटेलात वाढणाऱ्या पोराला गोपालपुऱ्यात खोली घेताना ‘आप नॉनवेज तो नहीं खाते?’ असं विचारतात.

सकाळी मी डुंगरपूरच्या मुलीला हाक मारण्याआधी लाडनूंचीच मुलगी खाली आली. तिला सगळं ठाऊक होतं. वर भिंती पातळ आहेत. मला वाटलं, तक्रार घेऊन आली. ती म्हणाली, ‘आंटी, मना मत करना. बस मुझे पहले बता देना.’

मग तिनं मला जे समजावलं ते मी तीन दशकं संस्कृत शिकवूनही असं नेमकं ऐकलं नव्हतं. तेरापंथ स्थापन करणारे आचार्य भिक्षू, म्हणजे १७६० साली मेवाडातल्या केलव्याला ज्यांनी हा पंथ सुरू केला ते, यांची शिकवण आहे की जोरानं किंवा पैशानं वाचवलेल्या जिवात धर्म नाही. खाटीक बोकड घेऊन निघाला आहे. तुम्ही त्याला धमकावलंत आणि बोकड सोडवलेत, किंवा पैसे देऊन विकत घेतलेत, तर ते लौकिक काम झालं. साधूनं त्याला उपदेश केला, त्याचं मन पालटलं, त्यानं सुरी टाकली, तर धर्म झाला; आणि तो धर्म खाटकाच्या मनात झाला. बोकड वाचले हा ओघानं आलेला परिणाम. इतर जैनांनी या शिकवणीला कडाडून विरोध केला, निर्दय म्हटलं, आणि पांजरपोळ चालवणाऱ्यांना ती कशी पटावी? पण मुलगी म्हणाली, आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये अणुव्रताची चळवळ सुरू केली तीही त्याच वाटेनं. छोटी छोटी व्रतं, आणि प्रत्येकानं आपली आपण घ्यायची.

‘मग तुला आधी कळवायला कशाला हवं?’ मी विचारलं.

तिचं उत्तर मला अजून पुरतं पचलेलं नाही. जैनांच्या हिशेबात पाप तीन तऱ्हांनी लागतं, स्वतः केल्यानं, दुसऱ्याकडून करवल्यानं आणि केलेल्याचं अनुमोदन केल्यानं. आणि ते प्रत्येक मनानं, वाणीनं, कायेनं. ती म्हणाली, मी ‘चालेल’ म्हटलं तर अनुमोदन झालं. ‘नको’ म्हटलं तर मैत्रिणीवर जोर केला. म्हणून मी दोन्ही म्हणणार नाही, मी त्या वेळी लायब्ररीत असेन. आणि हसून म्हणाली, मन मात्र तिथेच राहील की काय, त्याची जबाबदारी माझी.

ओसरीवरून उठून देवळात जाऊन बसणारे माझ्या माहेरचे आजोबा आणि ही लाडनूंची पोर यांची गाठ कधी पडली नाही, पण आचार एकच.

हे ऐकताना मला धर्मानंद कोसंबी आठवले. गोव्याचा हा माणूस बुद्ध शोधत सिलोनपर्यंत गेला, पाली शिकला, आणि मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिलं. त्यात प्राचीन काळी बौद्धच काय, जैन श्रमणही मांस घेत असत असं त्यांनी ग्रंथांच्या आधारानं मांडलं, आणि जैन समाजात मोठं वादळ उठलं. कोसंबी मागे हटले नाहीत. आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला याच माणसानं जैनांच्या रीतीनं, सल्लेखनेनं, अन्न सोडून देह ठेवला. ज्यांच्याशी त्यांच्या पूर्वजांच्या ताटावरून भांडले, त्यांचंच सर्वांत कठोर व्रत स्वतःच्या देहासाठी घेतलं. मला यात जराही विरोध दिसत नाही. दुसऱ्याच्या ताटात काय होतं तो इतिहास; आपल्या ताटात काय असावं, किंवा काहीच नसावं, तो धर्म. पुढे याच जयपुरात हायकोर्टाच्या खंडपीठानं ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा, म्हणजे हीच सल्लेखना, ही आत्महत्याच, असा निकाल दिला, तेव्हा जैनांचे मूक मोर्चे निघाले. महिनाअखेरीला सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. स्वतःच्या पोटाबाबत घेतलेल्या व्रतात सरकारनं हात घालू नये म्हणून ही गल्लीच्या गल्ली तेव्हा रस्त्यावर आली होती. दुसऱ्याच्या पोटाबाबतची पाटी त्याच गल्लीत लटकत होती. मी हे एका शेजाऱ्यांना बोलून दाखवलं. त्यांनी विषय पाण्याच्या टँकरवर नेला.

डुंगरपूरच्या मुलीच्या घरीही गोष्ट सरळ नव्हती. तिची आजी भगत. वागड भागात गोविंद गुरूंनी भिल्लांना दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, धुणी पेटवा असं सांगितलं, आणि त्या व्रतातून जी ताठ मान तयार झाली तिची संस्थानिकांना आणि इंग्रजांना भीती वाटली. १७ नोव्हेंबर १९१३ ला मानगढच्या डोंगरावर जमलेल्या भगतांवर गोळ्या चालल्या. म्हणजे मांस न खाणं हेही एकदा बंड होतं. आजीनं ते व्रत जन्मभर पाळलं, बापानं सोडलं, नातीनं कधी घेतलंच नाही. ‘दादी के सामने नहीं खाती,’ ती म्हणाली, ‘दादी ने मना नहीं किया, फिर भी नहीं खाती.’ भीतीनं नव्हे, मान राखून.

मग मी हो म्हटलं. म्हणजे यादीतली पहिली जागा घेतली, जाणूनबुजून.

कोंबडी आणायला आम्ही दोघी गेलो. बौद्ध भिक्खूंसाठी मांसाबद्दल तीन अटी असत: आपल्यासाठी मारलेलं पाहिलेलं नसावं, ऐकलेलं नसावं, तशी शंकाही नसावी. मॉलमधला फ्रीजमधला गुलाबी पुडा या तिन्ही अटींत चोख बसतो. त्याला डोळे नाहीत, आवाज नाही, शंकेला जागाच नाही. दुकानात मात्र पिंजऱ्याकडे बोट दाखवून ‘ये वाला’ म्हणावं लागतं, आणि त्या क्षणी तो पक्षी तुमच्यासाठी ठरतो. अटी मोडतात. तरी मला बोट दाखवणंच बरं वाटतं. पुड्यातली निर्दोषता फार स्वस्त आहे.

नारळाचंही तसंच. जयपुरात नारळ हमखास मिळतो तो देवळाबाहेर. आमच्याकडे प्रसादाचा नारळ मटणात घालत नाहीत. म्हणून मी मोती डुंगरीच्या गणपतीबाहेर एकाच ढिगातून दोन घेतले, एक आत वाढवला, एक पिशवीत ठेवला. दोन्हीचं खोबरं सारखंच गोड. एक कोंबडीत जाऊ शकतो आणि दुसरा नाही, हा भेद खोबऱ्यात शोधून सापडणार नाही. तो मी देवापुढे काय मनात धरलं होतं त्यात आहे. माझी अर्धी फिलॉसॉफी या दोन नारळांवर उभी आहे म्हटलं तरी चालेल.

भात केला तो आमच्या सोड्याच्या खिचडीच्या अंगानं. कुकरमध्ये तेल, त्यात तमालपत्र, लवंग, दालचिनी, मग पातळ चिरलेला कांदा लाल होईपर्यंत. आलं-लसणाचं, कोथिंबिरीचं, त्या पिशवीतल्या नारळाचं वाटण. हळद, मीठ, लिंबू लावून ठेवलेले कोंबडीचे तुकडे त्यात परतले. मुलीनं वर आपल्या गावाकडच्या लाल मिरच्या टाकल्या, मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही. तुकड्यांना पाणी सुटलं की धुतलेला तांदूळ, आणि पाणी नेहमीपेक्षा जरा कमी, कारण कोंबडी स्वतःचं सोडते. ब्रॉयलर असल्यानं दोन शिट्ट्या पुरतात. गावरान कोंबडीला तांदळाबरोबर शिजवायला गेलात तर भाताची खळ होते आणि कोंबडी तशीच राहते. शिट्टीच्या वजनाखाली आत दाब सुमारे एक किलो आणि उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून हाडातला रस भाताच्या प्रत्येक शितात शिरतो. गॅस बंद करून कुकर आपोआप उतरू द्यायचा. घाईनं शिट्टी उचलली तर भात कोरडा होतो.

या यंत्राचा मूळ पुरुष देनी पापँ. त्यानं १६७९ मध्ये हाडं विरघळवण्यासाठी असं भांडं बनवलं, आणि १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मंडळींना त्यात शिजवलेलं मासे-मांसाचं जेवण घातलं. त्या पंगतीतल्या जॉन ईव्हलिननं रोजनिशीत त्या जेवणाला तत्त्वज्ञानी जेवण म्हटलं आहे आणि फार हशा झाल्याचंही लिहिलं आहे. आमच्या वरच्या मजल्यावर हशा कमी होता. सीकरची धाकटी दारातून डोकावून म्हणाली, ‘आंटी, मुझे बस ऊपर-ऊपर का चावल दे दो, पीस मत देना.’ एकाच भांड्यात शिजलेल्या भाताला वर आणि खाली नसतं, हे तिला मी सांगितलं. थोरलीनं तिला कोपरानं मागे ओढलं.

जेवण झाल्यावर खरा शास्त्रार्थ उभा राहिला, आणि तो होता कुकरच्या रिंगेचा. कुकर सामाईक. उद्या सीकरच्या बहिणी त्यात डाळ लावणार. स्मृतिकारांनी भांड्यांच्या शुद्धीचा विचार फार बारकाईनं केला आहे. धातूचं भांडं राखेनं आणि पाण्यानं घासावं. मातीचं असेल तर पुन्हा भाजावं, आणि काही विटाळांना तर भाजणंही पुरत नाही, टाकूनच द्यावं. लाकूड, वस्त्र, धान्य, सगळ्यांची सोय केलेली आहे. रबराची नाही, कारण रबर त्यांना ठाऊक नव्हतं. आणि घोळ रबरातच आहे. कुकर घासून लख्ख झाला, शिट्टीच्या भोकात सुईसुद्धा घालून झाली, तरी रिंग नाकाला लावली की कोंबडी. लिंबू झालं, बेसन झालं, उन्हात ठेवून झालं. शेवटी बाजारातून आणखी एक रिंग आणली आणि ओट्याशेजारी दोन खिळे ठोकले. स्मृतीत भर घालायचा अधिकार मला नाही, पण रबराचं विधान माझ्या घरापुरतं हे आहे.

याच शहरात तीनशे वर्षांपूर्वी जगन्नाथ सम्राट नावाचा महाराष्ट्रीय ब्राह्मण सवाई जयसिंहाच्या पदरी होता. त्यानं अरबी शिकून युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला. ग्रीकांची विद्या, मुसलमानांच्या भाषेतून, ब्राह्मणाच्या लेखणीनं. आणि त्यानं कुठेही विटाळ मानल्याचं दिसत नाही. भाताच्या बाबतीत मात्र तो काय म्हणाला असता, याचा अंदाज मी करू धजत नाही.

लाडनूंची मुलगी संध्याकाळी लायब्ररीतून परतली. सूर्य मावळायच्या आत तिनं आपल्या वेगळ्या कुकरमध्ये मुगाची खिचडी लावली, जेवली, आणि खाली माझ्याकडे येऊन बसली. दिवसभर तिच्या डोक्यात काहीतरी फिरत असावं. म्हणाली, आंटी, आचार्य भिक्षूंचं सगळं मला पटतं, पण त्यात बोकड कुठे आहे? धर्म खाटकाच्या मनात होतो, व्रत खाणाऱ्याच्या मनात होतं, पाटी लावणाऱ्याचं पुण्य वाया जातं, हे सगळं ठीक. मरतो तो कुणाच्याच हिशेबात नाही.

हे मलाही लागू होतं, आणि ते मला झोंबलं. मी रात्रभर अनुमतीच्या वजनाचा विचार केला होता, पक्ष्याच्या वजनाचा विचार दुकानदारानं तराजूवर केला तेवढाच. महाभारतात वनपर्वात धर्मव्याध आहे, मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा. तो गर्विष्ठ ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तो स्वतः मारत नाही, खात नाही, फक्त विकतो. आणि म्हणतो की नांगर चालवणाराही जमिनीत असंख्य जीव मारतो, धान्यातही जीव आहेत, मग पूर्ण अहिंसक कोण? शिकवताना मला हा युक्तिवाद फार आवडायचा. त्या संध्याकाळी तो मला जरा सोयीचा वाटला. ‘सगळेच मारतात’ हे खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणून त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे बोट दाखवणं हलकं होत नाही. मी तिला एवढंच म्हटलं की माझ्याकडे याचं उत्तर नाही, मी खाणं सोडलेलं नाही, आणि सोडेन असं आज तरी सांगू शकत नाही. पण या यादीत माझं नाव पहिलं आणि शेवटचं आहे, ते मी खोडणार नाही. तुझं नाव त्यात नाही.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘है आंटी. मेरे किराये के पैसे से ही तो आप मुर्गा लाती हो.’

मी काही बोलायच्या आत तिनं बटव्यातून त्या महिन्याचं भाडं काढून माझ्यापुढे ठेवलं, आणि नेहमीप्रमाणे पावती मागितली.